हाकेवर उठणारी

"हिला कशाला कॅलेंडरवर घ्यायचं? ऊसतोड्याची पोर आहे. हाक मारली की उठते."

साहेब भर मीटिंगमध्ये बोलले. मी दारातच उभी, लॅपटॉप छातीशी धरून. सगळे हसले. माझंही तोंड हसल्यासारखं झालं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

नगरच्या एमआयडीसीतली पाइप बनवणारी कंपनी. साहेबांचे मेल मी लिहायचे, खाली नाव त्यांचं. कोणाची वेळ मोकळी ते कॅलेंडरवर बघायचं, मीटिंग ठरवायची, सगळ्यांना निमंत्रण पाठवायचं, तेही मीच. त्यात माझं नाव घालायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा हुकूम. मग केबिनमधून हाक यायची. "ए, ये गं." डबा तसाच उघडा टाकून पळायचे. माल कुठं अडलाय, कधी निघणार, सगळं मीटिंगमध्ये मीच मांडायचे.

ही हाक मला लई जुनी ओळखीची. आम्ही तिसगावकडचे. दसरा झाला की आई-बाप ऊसतोडीला, कारखान्याच्या तळावर. पहाटे अंधारात मुकादम खोपीबाहेर उभा राहायचा. नाव घ्यायचा नाही. "ए, उठा रे." आई तापानं फणफणलेली असली तरी उठायची. त्या हाकेतून सुटायला मी शिकले. आणि घ्या, एसीत बसूनही तेच.

पुढं नियोजन अधिकाऱ्याची जागा निघाली. ते काम मी करतच होते. मेलवर अर्ज टाकला. साहेबांनी बोलावलं.

"तू कोणत्या मीटिंगला होतीस? एकाही निमंत्रणात तुझं नाव नाही."

चेष्टा नव्हती ती. शांतपणे म्हणाले. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाक कुठंच उरत नाही. कुणी मारली, कोण धावलं, पुरावा काही नाही. राग आला. त्यांचा, आणि इतके दिवस धावणाऱ्या माझाही.

सोमवारी मीटिंग. हाक आली. मी उठले नाही. पुन्हा हाक. साहेब बाहेर आले.

"बहिरी झालीस का?"

"साहेब, मला निमंत्रण नाही."

"मग टाक की तुझं तू नाव."

"न्हाई. ते तुमच्या हातानं आलं पाहिजे."

रागात गावाकडचं 'न्हाई' निघालं. निघू दे. सारं ऑफिस माना खाली घालून कीबोर्ड बडवत होतं. साहेबांनी दार आपटलं. मीटिंग माझ्याविना झाली. दुपारी मेल आला: शिस्तभंगाबद्दल खुलासा करा. माझ्या नावानं त्यांनी मला पाठवलेला तो पहिला मेल.

संध्याकाळी आईला फोन केला. ती तळावरच होती. नोकरी जाईल, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हाकंला बसून राह्यलेलं आपल्यात कुनी न्हाई, बाई. तू बस."

खुलासा लिहिला. कंपनीच्या मालकांना प्रत ठेवली. कोणकोणत्या मीटिंगला मला हाक मारून नेलं, तिथं मी काय मांडलं, ती जागा मला का हवी, सगळं. आता कुणी तोंडी काम सांगितलं की लगेच उलट मेल टाकते: आपण हे सांगितलंत, मी करते आहे. खाली माझं नाव.

मालकांचं उत्तर अजून नाही. जागा मिळेल की आहे ती नोकरीही जाईल, ठाऊक नाही. केबिनमधून हाक अजून येते. येऊ दे. नावानं निमंत्रण येईपर्यंत मी उठणार नाही.