अकरा सी सोबत कोण आहे

मी विमान उडवतो हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण उडवण्याआधी मी घोषणा करतो. खिडकी उघडी असते, माझा आवाज बसस्टँडवर कमावलेला आहे, आणि घरातल्या घरात हळू बोलणं मला कधी जमलेलं नाही. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. हैदराबादहून नागपूरकडे जाणारे विमान धावपट्टी क्रमांक नऊवर उभे आहे." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेजारचे भाऊ कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे, आणि रविवारी ते आमच्याकडे सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टाकून जातात.

"काय कंडक्टरसाहेब, हे विमान कामरगावले थांबते का?"

"विनंती थांबा हाय," मी म्हणालो. "हात दाखवा, थांबवतो."

पंचवीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो. कारंजा, कामरगाव, धनज, वाशिम, शिरपूर. या रस्त्यांवरचा कोणता खड्डा कोणत्या गावाच्या हद्दीत येतो ते मी डोळे मिटून सांगेन. मग उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी उभं राहायची मनाई केली आणि डेपोने मला स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. हातात माईक आला. रुबाब वाढला, पण प्रवासी गेले. खिडकीतून नुसते चेहरे दिसतात, प्रवासी दिसत नाहीत. प्रवासी म्हणजे जो तुमच्या भरवशावर डोळे मिटून झोपतो तो.

हे दुःख मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीला ते न सांगता कळलं. तिने तिचा जुना कॉम्प्युटर घरी आणून लावला, विमान वळवायचा एक दांडा जोडला, आणि त्यात विमानाचा हा खेळ घालून दिला. म्हणाली, "बाबा, याच्यात नोकरी करता येते. पहिले पार्सल न्यायचं, मग माणसं. चांगलं काम केलं तं कॅप्टन होता येते. रस्त्यात माणूस बिमार पडला तं त्याचंही पाहा लागते."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

त्या टेबलाशी माझी सामग्री अशी. अंगात खाकी शर्ट, छातीवर कंडक्टरचा बिल्ला, आणि डावीकडे भिंतीला टांगलेली घंटी. आमची जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा माझ्या जोडीच्या ड्रायव्हरने ती काढून मला आठवण म्हणून दिली होती. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. आयुष्यभर मी घंटी मारली आणि गाडी दुसऱ्याने हलवली. आता घंटीही माझी, गाडीही माझी. दोन टोल दिल्याशिवाय मी आजवर एकही विमान उडवलेलं नाही.

माझी बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिने गावोगावी बाळंतपणं केली, पोरांना सुया टोचल्या, सापाचं पान लागलेली माणसं जीपमध्ये घालून नेली. तिला माझ्या उड्डाणांचं कौतुक बेताचंच. "खरी माणसं आठ दिवस पायते मी," ती म्हणायची, "रविवारी तुमची खोटी कायले पाहू?"

खेळातले सहा महिने मी चोख काम केलं. पार्सलं झाली, चार सीटचं विमान झालं, सत्तर सीटचं झालं. खांद्यावर दोन सोनेरी पट्ट्या आल्या. कॅप्टनला चार असतात. आणि मग नांदेडचं प्रकरण झालं.

हैदराबाद ते नागपूर फेरी होती. मध्येच हवाई सुंदरीचा निरोप आला की एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या छातीत दुखतंय. मी क्षणभरही घालवला नाही. विमान नांदेडकडे वळवलं, उतरवलं, अॅम्ब्युलन्स आली, प्रवाशाला घेऊन गेली. इथपर्यंत शंभरपैकी शंभर. आता कंपनीचा हुकूम आला की पुढे निघा.

मी निघालो नाही.

कारण आमच्या गाडीचा नियम असा होता, की बिमार माणूस उतरवला तर त्याच्यासोबत त्याचं माणूस आहे की नाही हे पाहिल्याशिवाय घंटी मारायची नाही. सोबत कोणी नसेल तर त्याच्या गावाकडचा कोणी गाडीत आहे का विचारायचं. तोही नसेल तर दवाखान्यातल्या कोणाच्या तरी हातात हात देऊन नाव, गाव सांगून यायचं. गाडी तोवर उभी. लोक कुरकुर करत नसत. उलट दोघेतिघे खाली उतरून स्वतःच शोधाशोध करत.

नांदेडच्या धावपट्टीवर मी त्या खेळाची सगळी पानं उघडून पाहिली. म्हाताऱ्यासोबत कोण गेलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी वाट पाहिली. पडद्यावर प्रवाशांचे हिरवे चेहरे पिवळे झाले, पिवळ्याचे लाल झाले. पाऊण तास विमान उभं. शेवटी कंपनीचं पत्र आलं: विनाकारण विलंब, गंभीर शेरा. पुढच्या आणीबाणीत चूक झाली तर नोकरी समाप्त, आणि आजवरची सगळी कमाई, हुद्दा, उड्डाणं, शून्य.

लेकीला फोन केला तर ती इतकी हसली की तिला बोलता येईना. "बाबा, तिथं नातेवाईक नसतेत. तो माणूस गेला म्हणजे गेला, खेळातून पुसल्या जाते."

"पुसल्या काहून जाईन?" मी म्हणालो. "माह्या गाडीतून उतरला तो."

भाऊंनी ही गोष्ट मळ्यातल्या मजुरांपर्यंत पोचवली. दोन रविवार मी ऐकत होतो: "साहेब, नांदेडवाले सोयरे आले का?"

आता त्या नियमाचं मूळ सांगतो, कारण ते मी हसून सांगू शकत नाही. नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. धनजजवळ गाडीत एक माणूस चक्कर येऊन पडला. आम्ही कुठेही न थांबता गाडी थेट दवाखान्याच्या फाटकात घातली. त्याला बाकावर टेकवलं आणि मी घंटी मारली, कारण गाडीला उशीर झाला होता आणि मला उशिराची भीती वाटायची. दोन दिवसांनी परत त्या बाजूला गेलो तर तो तिथेच. जीव वाचला होता, पण तो कोण, कुठला, हे कोणालाच माहीत नाही, आणि त्याला तेव्हा धड बोलता येत नव्हतं. त्याची बायको दोन दिवस गावोगाव शोधत फिरत होती. ती आमच्याच गाडीत होती हो. पुढे, बायकांच्या सीटवर. गर्दीत मागे काय झालं ते तिला कळलंच नाही, आणि मी विचारलं नाही. दवाखान्याच्या फाटकातून गाडी निघाली तेव्हा नवरा मागे बसला आहे असंच ती समजून चालली होती.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच. सोबत कोण आहे?

तर तो रविवार. सकाळचे दहा वाजले होते. बायको खाली सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसली होती, भाऊ सांभार ठेवून दारातल्या खुर्चीवर टेकले होते. नागपूर ते पुणे फेरी. शेरा असला तरी ही सुखरूप झाली की कॅप्टन, असं कंपनीचं पत्र आलेलं. मी खाकी शर्टाची गुंडी लावली, घोषणा केली, दोन टोल दिले.

"आता कारंज्यावरून चाललो आपण," वीसेक मिनिटांनी मी जाहीर केलं.

"खाली पाहा," भाऊ म्हणाले, "माह्या मळ्यातली मोटर कोणी चालू ठेवली का ते."

आणि तेवढ्यात टुंग वाजलं. सीट अकरा सी. वयस्क पुरुष. घाम, थरथर, बोलणं अडखळतंय, विचारलेल्याला उत्तर नीट देत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं: निर्णयाला तीन मिनिटं. पुढे मोठाली बटणं. विमान वळवा. ऑक्सिजन द्या. डॉक्टर आहे का विचारा. पुढे चला.

"वळवा ना," भाऊ खुर्चीतून उठले. "नांदेडले चला. तुमची वळख हाय तिथं."

माझा हात वळवायच्या बटणावर गेला होता, खोटं कशाला सांगू. सहा महिन्यांची नोकरी त्या बोटाखाली होती. पण बोटाच्या आधी तोंड चाललं. "सोबत कोण हाय त्याच्या?"

बायकोने डाळीतून मान वर केली. "काय होऊन राह्यलं त्याले?"

मी वाचून दाखवलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि येऊन माझ्या मागे उभी राहिली. असं ती पहिल्यांदाच आली होती.

"शुगर हाय का त्याले?"

"ते कोण सांगन?"

"सोबतवालं माणूस सांगन. विचारा."

प्रवाशांची यादी उघडली. अकरा सी, शेजारची सीट रिकामी. पलीकडच्या रांगेतही कोणी ओळखीचं नाही. "एकटाच हाय," भाऊ म्हणाले. "वळवा, वळवा."

घड्याळात दीड मिनिट उरलं होतं. आणि मला ती पुढची सीट दिसली. यादीतली नाही, माझ्या गाडीतली, ड्रायव्हरमागची, बायकांची. आमच्याकडे नवरा-बायको एका तिकिटावर चढतात आणि दोन टोकांना बसतात. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, गोळ्या, घरची किल्ली. नवरा मागे, हात हलवत, रिकामा. म्हणून मी शेजारी पाहणं सोडलं आणि तिकिटाचे नंबर पाहत यादी खालून वर चढवली. अकरा सीचं तिकीट ज्या नंबरचं, त्याच नंबरचं आणखी एक होतं. चार ए. स्त्री, वय त्याच्याच जवळपास.

"सापडली," मी म्हणालो. माझा आवाज स्टँडवर असतो तसा निघाला असावा, कारण समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं, "काय सापडलं?"

त्या खेळात सोबतच्या प्रवाशाला विचारायची सोय होती. चौथ्या पानावर, अगदी तळाशी, अक्षरंही बारीक. मी ते बटण दाबलं. चार एचं उत्तर आलं: सकाळी इन्सुलिन घेतलं आहे. विमान चुकेल म्हणून नाश्ता केला नाही.

"आली का शुगर खाली," बायको म्हणाली. "शुद्धीत हाय ना? गिळता येते का पाहा पहिले."

पाहिलं. शुद्धीत होता, गिळत होता.

"मग गोड द्या त्याले. अन् त्या सुंदरीले सांगा, हटू नको बाजूनं."

फळांचा रस, साखर घालून. बटण दाबलं तेव्हा घड्याळात अकरा सेकंद होते. मग आम्ही तिघे त्या एका चेहऱ्याकडे बघत राहिलो. लाल होता. बराच वेळ लालच राहिला. भाऊंच्या थट्टा संपल्या होत्या. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बायकोले बाजूले बसवता येते का त्याच्या?" येत होतं. चार एला अकरा बीवर आणलं. मग चेहरा पिवळा झाला. आणि अहमदनगरच्या आसपास, ढग विरळ झाले होते तेव्हा, हिरवा.

बायको अजून समाधानी नव्हती. "बरा झाला म्हणून सोडू नका. खाली दवाखान्याची गाडी पाहिजे." मी पुण्याला अॅम्ब्युलन्स सांगितली. मग विमान उतरवलं, इतकं अलगद की भाऊंनी विचारलं, "टेकलं का?" तो प्रश्न मी मरेपर्यंत कोणाकोणाला सांगणार आहे.

दार उघडलं. अकरा सी उतरला, मागून चार ए उतरली, दोघं एकाच अॅम्ब्युलन्समध्ये गेली. यावेळी वाट पाहायची गरज नव्हती. त्याच्यासोबत त्याचं माणूस होतं, आणि ते मी शोधून दिलं होतं.

मग कंपनीचं पत्र आलं. रुग्ण सुखरूप, विलंब नाही, जुना शेरा रद्द. खांद्यावरच्या दोन पट्ट्यांच्या चार झाल्या, एकेक करून, सोनेरी. मी लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. तो बारीक अक्षरातला पर्याय तिने कधी पाहिलाच नव्हता. "बाबा, तुम्हाले हे कसं सुचलं?" मी म्हणालो, "पंचवीस वर्षं लागली." ती हसली नाही. म्हणाली, "आईनं सांगितलं असन शुगरचं." मी कबूल केलं. श्रेयात वाटेकरी असले की गोष्ट जास्त दिवस सांगता येते.

भाऊंनी उठून हात पुढे केला. "जयभीम, कॅप्टनसाहेब."

"जयभीम," मी म्हणालो. मी उभा राहून हात मिळवला, गुडघ्याची पर्वा न करता. आणि लगेच पुढच्या फेरीचं पान उघडलं. आता मोठं विमान, दोन गल्ल्यांचं, अडीचशे माणसं. अडीचशे माणसांत कोण कोणासोबत आहे हे पाहायला किती वेळ लागेल, याचा मी हिशेब करू लागलो. घोषणेसाठी घसाही साफ केला.

तेव्हा माझ्या कानाशी घंटी वाजली. बायकोने आजवर त्या घंटीला हात लावला नव्हता. नियम मात्र तिला पाठ होता, कारण तिने एकच टोल दिला.

"उतरा आता, कॅप्टन," ती म्हणाली. "डाळ अर्धी राह्यली. अन् तुमीही सकाळपासून काही खाल्लं नाही."