गौरींच्या पेटीतला गोल डबा

आमच्या गौरींचे मुखवटे एका लाकडी पेटीत असतात. सासूबाईंच्या सासऱ्यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर लिलावात घेतलेली ही पेटी पुण्याहून इथे अमेरिकेत, आयसेलिनला आली, ती सामानाबरोबर जहाजाने. तिच्यात मधोमध एक पत्र्याचा गोल डबा घट्ट बसवलेला आहे. तो उघडायचा नाही, असं सासूबाईंना त्यांच्या सासूने बजावलं होतं. म्हणून त्यांनी तो जन्मात उघडला नाही. वर दरवर्षी गौरींबरोबर त्यालाही हळदकुंकू! एकदा मी विचारलं, "आत आहे तरी काय?" तर म्हणाल्या, "तुला नसत्या चौकशा फार."

एकोणीस वर्षं मी हेच ऐकत होते. भाजीत मीठ कमी, गौरींच्या निऱ्या वाकड्या, आणि मुखवट्यांना हात लावायला गेले की, "राहू दे, तुला नाही जमायचं."

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या दिवशी मी मुखवटे बाहेर काढले आणि पेटी मागच्या अंगणात नेऊन खसाखसा घासली. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले, खालून आकडे आले, बाणाच्या टोकासारखी खूण आली. शेजारच्या अमेरिकन काकांना जुन्या लष्करी सामानाचं भारी वेड, म्हणून मी हौसेने त्यांना बोलावलं. ते वाकले, वाचलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल, म्हणाले. पेटी बारा हातबॉम्बची. "मधल्या डब्यात ते बॉम्ब उडवायचे डिटोनेटर ठेवायचे. तो रिकामा आहे ना?"

अगं बाई! दोन पिढ्या आम्ही त्याला कुंकू लावत होतो!

काकांनी पोलिसांना फोन लावला. मुलांची शाळा सुटायची वेळ झालेली. मला काही सुचेना, पेटी निदान कुंपणाशी ठेवावी म्हणून मी उचलायला वाकले. तेवढ्यात दंड असा काही आवळला गेला की मी कळवळले. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई! त्यांनी मला मागे खेचलं आणि स्वतः पेटीच्या नि माझ्यामध्ये उभ्या राहिल्या. "हात लावू नकोस! मेलं ते पेटीचं खूळ. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मला तिथेच रडू फुटलं.

पोलिसांनी आम्हाला रस्त्यापलीकडे नेलं. त्यांच्या माणसाने भलामोठा पोशाख चढवून डबा उघडला. आत चिमूटभर गंज होता, बस्स.

दुसऱ्या दिवशी गौरी बसवायच्या वेळी सासूबाईंनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. डबा पुन्हा पेटीत होता.

"त्यालाही लाव," म्हणाल्या. "आणि मुखवटेही तूच बसव. निऱ्या तेवढ्या सरळ घाल."