शकील पुन्हा मशीनवर बसला

शकीलच्या मुलीचा, नाझियाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. फोन मात्र बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.

शकील माझा शाळेपासूनचा मित्र. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्याचं टेलरिंगचं दुकान होतं. जवानांचे युनिफॉर्म शिवावेत तर त्यानेच. बँकेतून सुटलो की मी तिथल्या बाकावर टेकायचो. तो शिवत असायचा, मी बोलत असायचो. मशीन थांबलं की समजायचं, माझं काहीतरी त्याला पटलेलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी नाशिकरोडहून कापड घेऊन येताना टेम्पोने त्याच्या स्कूटरला उडवलं. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. एक तर कातडी फाडून बाहेर आलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, आम्ही पेढेसुद्धा वाटले. पण जखम काही सुकेना. पू यायचा, ताप चढायचा. संसर्ग हाडात उतरलाय, असं डॉक्टर म्हणाले. मग रॉड काढला, हाड खरवडलं, मांडीची कातडी नडगीवर लावली. पहिल्या ऑपरेशनला सरकारी योजनेचा आधार मिळाला होता. नंतरची महागडी इंजेक्शनं, ड्रेसिंग, पुन्हा पुन्हा भरती होणं, सगळं खिशातून. रुखसानाभाभींच्या बांगड्या गेल्या, मग गावाकडचा जागेचा तुकडा गेला. नाझियाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं.

एवढं करूनही डॉक्टरांनी शेवटी दोनच रस्ते सांगितले. बाहेरून रिंगा लावून हाड वाढवायचं, त्यात आणखी ऑपरेशनं, आणि खात्री कशाचीच नाही; नाहीतर गुडघ्याखालून पाय काढायचा. भाभींनी तोवर दुकानाला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. त्या दिवशी मी वॉर्डातच होतो.

"दुकान परत घेता येईल," भाभी म्हणाल्या. "पाय नाही येणार."

"आणि पाय वाचवून बसू कुठे? रस्त्यावर?" शकील म्हणाला. "नाझियाची फी भर. डावा आहे ना मला अजून."

भाभींनी त्या आजारी पायावरची चादर सारखी केली आणि त्यावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या...

पाय काढला आणि ताप उतरला. काही महिन्यांनी कृत्रिम पाय लावून तो दुकानात आला, तेव्हा शेजारचे दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले होते. मशीन तो आता एकट्या डाव्या पायाने चालवायचा. टीप वाकडी जायची, तो चिडायचा, पुन्हा बसायचा. मोटर बसवून घे म्हटलं तर म्हणायचा, "पोरीच्या पहिल्या पगारातून घेणार." नाझिया पास झाली, नोकरीला लागली, आणि तिने खरंच मोटर आणली. त्या संध्याकाळी त्याने मला बोलूच दिलं नाही, नुसतं मशीन पळवून दाखवत होता.

पण महिनोन्‌महिने चाललेल्या संसर्गाने आणि जबर औषधांनी आतून मूत्रपिंडं खचली होती. डायलिसिस सुरू झालं. तिथेही तो नर्सेसच्या गणवेशाची शिलाई न्याहाळायचा आणि नाझियाला हळूच नावं सांगायचा, कुणाची बाही ओढते म्हणून. एका पहाटे हृदयच थांबलं.

आता संध्याकाळ मोठी वाटते. वाद घालायला जावं, असं दुसरं ठिकाण या गावात मला नाही.

परवा एक जुनी पँट कमरेला घट्ट होते म्हणून दुसऱ्या शिंप्याकडे नेली. त्याने ती उलटून शिवण पाहिली. "काका, लय कापड सोडलंय आत. अजून दोनदा सैल होईल. कुणी शिवली?"

मी नाव सांगितलं. शकील सगळ्यांनाच असं जास्तीचं कापड सोडायचा. माणूस काय कायम एवढाच राहतो का, म्हणायचा. शिंप्याने शिवण उसवायला कात्री उचलली, तशी मी पँट मागून घेतली.

घट्ट होते. पण घालतो.