पुरेसे गरीब

साहेब आमच्या ओसरीत कूलरच्या हवेत बसले होते. हातात आमच्या कोंबड्याची तंगडी. ती चोखून झाली, हाड ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही काही गरीब दिसत नाही हो."

माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, "अजून रस्सा घ्या ना, साहेब."

असं कोणी तोंडावर बोललं की माणसानं काहीतरी सणसणीत उत्तर द्यायचं असतं. मी रस्सा वाढला. त्यांनी घेतला.

कोंबडा आमचा होता. कूलर आमचा नव्हता. खुर्च्या बचत गटाच्या होत्या. काचेचे ग्लास दिराच्या घरचे, खाटेवरची फुलांची चादर शेजारची. आणि अंगावरची साडी, आता लपवून काय करू, माझ्या बहिणीची.

हे सगळं कशासाठी, ते सांगते.

माझी मुलगी मनीषा बारावी झाली. भामरागडकडच्या आमच्या टोल्यातून, म्हणजे छोट्या वस्तीतून, आश्रमशाळा, तिथून गडचिरोलीचं वसतिगृह, असं करत करत. तिच्या कॉलेजातल्या सरांनी तिला एका मोठ्या खासगी विद्यापीठाचा अर्ज भरायला लावला. ते इथून फार लांब. देशभरातून पोरं येतात, थोडीच घेतात. मनीषानं परीक्षा दिली, पास झाली. सरांच्या घरी बसून त्यांच्या लॅपटॉपवर मुलाखत दिली, त्यातही पास झाली. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते तेव्हा सरांचा फोन आला. आनंदात मी एका पोराला दोनदा वाढलं. त्यानं तक्रार केली नाही.

पण सरांचा आवाज काही आनंदाचा नव्हता.

"बाई, गुणांवर मनीषाचं होऊन जाते," सर म्हणाले. "पण तिनं फीसाठी पूर्ण मदत मागितली आहे. आता एक मदत न मागणारा पोरगा अन् एक मागणारी पोरगी, दोघं बरोबरीचे असले, तर तिथं कोणाले घेतीन? तुम्हीच सांगा."

"मंग थोडीच मागू का, सर?"

"थोडी मागून बाकीचं कुठून आणता?"

हे गणित मला तेव्हाच कळलं. म्हणजे याला उत्तर नाही, हे कळलं. मागितलं तर चान्स कमी. नाही मागितलं तर चान्सचा उपयोग नाही.

मग विद्यापीठाकडून निरोप आला. माणसं घर पाहायला येणार. मुलगी हुशार आहे हे त्यांचं ठरून झालं होतं. आता आम्ही पुरेसे गरीब आहोत का, तेवढं ठरायचं राहिलं होतं.

मी अंगणवाडी सेविका. वजनकाटा घेऊन दुसऱ्यांच्या घरात शिरायची मला सवय. कोणाच्या घरी काय आहे आणि काय संपलं आहे, मी दारातूनच ओळखते. माझ्या घरात कोणी तसं शिरेल, याचा मात्र सराव नव्हता.

आम्हा लोकांना घर पाहायला येणारे एकच पाहुणे माहीत. मुलगी मागायला येणारे. ते येणार म्हटलं की सगळा टोला कामाला लागतो. अंगण सारवतात. कोणी खुर्च्या आणतं, कोणी भांडी. घर भरलेलं दिसलं पाहिजे. यात कोणी कोणाला फसवत नाही. पाहुण्यांनाही ठाऊक असतं की खुर्च्या गटाच्या आहेत, कारण त्यांच्याकडे आपण गेलो तेव्हा त्यांनीही तेच केलेलं असतं. या पोरीच्या पाठीशी गाव उभं आहे, एवढंच सांगायचं असतं.

मनीषा म्हणाली होती, "आई, ते आपली गरिबी पाह्यले येऊन राह्यले. सोयरीक जोडाले नाई."

"मंग काय फाटकी बनियान घालून बसू?" तिचे बाबा म्हणाले. तेंदूपत्त्याचा हंगाम होता, तोडून तोडून त्यांचे हात काळे पडले होते. ते त्यांनी लिंबू लावून घासले. पाहुण्यांसाठी.

शेजारची शेवंताबाई कूलर घेऊन आली. "एवढ्या उन्हात मानूस इकडे येणार अन् घामानं भिजून जाणार? गावाची इज्जत हाय का नाई?"

सगळे हसले. मनीषा हसली नाही. मी तिला म्हटलं, तू पुस्तकातलं पाहा, हे आमचं काम आहे.

तर साहेब आले. बरोबर एक तरुण मॅडम. साहेबांचं जेवण चालू होतं तेव्हाच मॅडमनी मोबाईल काढला. कूलरचा फोटो. खुर्च्यांचा फोटो. काचेच्या ग्लासांचाही एक. साहेब विचारत होते. मोटरसायकल कोणाची? आमची, जुनी. मानधन येतं ना? येते, कधी कधी. मग ते तंगडीचं वाक्य बोलले.

रस्सा वाढून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "साहेब, कूलर शेवंताबाईचा आहे. खुर्च्या गटाच्या. आमचं याच्यातलं काई नाई."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं दाखवलं?"

"खोटं नाई, साहेब," मनीषाचे बाबा म्हणाले. "पाहुणे येणार म्हणून..."

"आम्ही पाहुणे नाही. आम्ही व्हेरिफिकेशनला आलोय."

हे जेवून झाल्यावर कळलं. घटकाभरापूर्वी आम्ही गरीब नव्हतो, आता लबाड झालो. गरीब व्हायचं राहूनच गेलं.

मॅडम चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं तिनं चांगुलपणानं केलं. म्हणाली, "सर, राहू द्या. परत फोटो घेऊ. ताई, हे सामान बाहेर काढता का?"

लोक आले आणि आपापलं सामान घेऊन निघाले. शेवंताबाईनं कूलरची पिन काढली, वायर गुंडाळली. कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मयताच्या घरातून निघतात तसे निघाले.

"ताई, रोजची साडी असेल ना? जुनी?"

मी आत जाऊन साडी बदलली. हो, बदलली. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न होता.

"चुलीजवळ बसा. तो सिलिंडर बाजूला घ्या. थोडा धूर होऊ द्या. ताई, हसू नका."

मी हसत नव्हते. माझे पुढचे दात थोडे बाहेर आहेत, तोंड मिटलं तरी हसल्यासारखं दिसतं. मी ओठ दाबून धरले. तेवढ्यानं भागेना म्हणून मान खाली घातली.

"छान. असंच. मनीषा, तू आईच्या मागे उभी राहा. डोळे खाली."

मी तिरक्या नजरेनं पाहिलं. मुलाखतीत मोठमोठ्या प्राध्यापकांशी ही पोरगी नजर भिडवून बोलली होती, सरांनीच सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातलेली. मग तिनंही डोळे खाली घातले. मॅडमनं सांगितलं म्हणून नाही. मी घातले म्हणून.

मी उठले.

"नाई."

"काय नाही, ताई?"

"फोटो नाई. मनीषा, वर पाह्य."

यात शूरपणाचं काही समजू नका. उकिडवं बसून गुडघे धरले होते, उठताना चुलीच्या बाजूच्या भिंतीला हात लावावा लागला.

"अवं, बस ना," मनीषाचे बाबा हळूच म्हणाले. "एका फोटोचं तर काम आहे. पोरीचं होऊन जाते." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला नाही. तेही पोरीसाठीच म्हणत होते.

मी बसले नाही.

साहेब म्हणाले, "मग आम्ही काय लिहायचं?"

"जे पाह्यलं ते लिहा. सगळंच पाह्यलं तुम्ही."

पुढे निकाल आला. मनीषाला प्रवेश मिळाला, मदत अर्धी. आमच्याकडे नदी ओलांडायला डोंगा लागतो. अर्ध्या पात्रापर्यंत नेणारा डोंगा कोणी चालवत नाही. त्यांच्याकडे चालवतात. मनीषा गेली नाही. गडचिरोलीत बी.एस्सी. करते आहे.

कोंबडा नडला, कूलर नडला की माझं उठणं नडलं, हे कोणी सांगत नाही. सरांनी विचारून पाहिलं. निर्णय अंतिम आहे, एवढंच उत्तर आलं. मनीषाच्या बाबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. रोज जेवायला बसतात तेव्हा वाटतं, आज बोलतील. बोलत नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

या वर्षी मनीषानं पुन्हा अर्ज भरला आहे. पुन्हा पूर्ण मदत मागून. सर म्हणतात, दुसऱ्यांदा चान्स आणखी कमी. आम्हाला माहीत आहे.

पुन्हा माणसं येतील. त्यांना पाणी देईन. मग त्यांनी काही विचारायच्या आधी मी विचारणार आहे. जी पोरं मदत न मागता तुमच्याकडे आली, त्यांच्या घरी तुम्ही कधी गेलात? त्यांच्या बापाला विचारलं का, गाडी कोणाची, बंगला कशातून आला? त्यांच्या आईला साडी बदलून यायला सांगितलं का?

याचं उत्तर दिल्याशिवाय माझ्या घरात कोणाला मोबाईल वर उचलू देणार नाही. मनीषाला हे मी आधीच सांगितलं. त्यानं तुझं नुकसान होऊ शकते, हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग अर्ज भरला.