कोयत्याचं तिकीट

दसऱ्याला कोयत्याला तेल लावलं, की त्या वासानं मला शिर्डीचा विमानतळ आठवतो. जन्मभर ऊस तोडलेली माझी आई पहिल्यांदाच माझ्यासोबत हैदराबादला निघाली होती आणि तपासणीत तिच्या पिशवीतून लुगड्यात गुंडाळलेला कोयता निघाला. "हा आत चालत नाही, त्या डब्यात टाका," जवान म्हणाला. आई जागची हलली नाही. "ह्याच्यावर पोरगी शिकवली म्या. दसऱ्याला पूजा कशाची करू? ह्यो टाकायचा आसंल, तर मी बी येत न्हाई." मागची रांग कुरकुरत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी जवानच नरमला. "काउंटरवर परत जा. खालच्या सामानात द्या, तिथं चालतो." आज तो कोयता माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, दारासमोरच टांगलाय. मुठीला विमानाची चिठ्ठी तशीच आहे. पाहुणे म्हणतात, आत ठेव. ठेवत नाही.