कळपाचा आकडा मी सांगितला नाही

"हे बघा, इथे मेंदू थोडा आक्रसलाय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्याच्या फोटोवर पेन टेकवलं. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. मी तिथंच खुर्चीत बसलेली. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं.

मग ते माझ्या थोरल्या भावाकडं वळले. "लग्नाचं, नोकरीचं डोक्यातून काढून टाका. घरी मेंढ्या राखू दे हिला. तेवढं जमेल."

घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं. दादा हात जोडून म्हणाला, "व्हय साहेब." मला त्या हसण्यापेक्षा दादाच्या जोडलेल्या हातांचा जास्त राग आला.

आम्ही मुळशीतले धनगर. मी हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायचे. गेल्या वर्षी माझं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे फिरलंच, उगाच गोड करून सांगत नाही. रस्त्यावरच्या कंपनीच्या कॅब माझ्याच मागावर आहेत असं वाटायचं. भिंतीतून माझं नाव ऐकू यायचं. आईनं वाढलेल्या ताटातला घास आधी कुत्र्याला टाकायचे. ते धडधाकट राहिलं की मग मी जेवायचे. आई पदर डोळ्याला लावून बसायची. मग गोळ्या सुरू झाल्या. आवाज विरले, झोप लागायला लागली. गोळ्यांनी मला माणसात आणलं, हे मी कुणालाही सांगेन.

पण माझ्या शब्दाची किंमत काही परत आली नाही. चहा पांचट झालाय म्हटलं तरी वहिनी विचारायची, "गोळी घेतली का?" कँटीनच्या मावशी कामाला बोलावत होत्या. दादा म्हणायचा, डॉक्टर म्हणतील तवा. म्हणून त्या दिवशी मी केवढी आशा लावून गेले होते.

आणि डॉक्टर तर शिकाऊ पोरांना म्हणत होते, "आता हिचा संशयीपणा बघा." मग मला विचारलं, "तुमच्याकडे मेंढ्या किती?"

मी दादाकडं बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाई सांगायची," मी म्हणाले.

"पाहिलंत? साध्या प्रश्नाचाही संशय. किंवा मोजताच येत नसेल."

सगळ्यांनी लिहून घेतलं. आमच्यात कळपाचा आकडा परक्याला सांगत नाहीत, नजर लागते. आजानं कधी सांगितला नाही, बाप सांगत नाही, दादाही सांगत नाही. त्याला हे ठाऊक होतं. तरी तो खाली मान घालून उभा राहिला.

सगळे मिळून माझ्या विरोधात आहेत असं मला वाटलं, आणि लगेच मी घाबरले. डोकं फिरलं होतं तेव्हाही अगदी असंच वाटायचं. हा आजारच बोलतोय का? मी कान देऊन ऐकलं. भिंत गप्प होती. बोलत होते ते डॉक्टर, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे या वेळचा संशय माझा स्वतःचा होता, आणि खरा होता.

मी विचारलं, "साहेब, ह्या फोटोत माजं फुडं काय व्हनार ते दिसतं का?"

"तसं एकेका पेशंटचं नेमकं सांगता येत नाही. असे बदल बऱ्याच जणांत दिसतात. त्यातले काही चांगले सावरतात, काही नाही."

"मंग मी कुटल्यातली, ते दादाला कशावरनं सांगितलंत?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि दादालाच म्हणाले, "वर्षभरानं पुन्हा स्कॅन करू. आमच्या अभ्यासासाठी लागेल. तुम्ही इथे सही करा."

"सही माजी लागंल," मी म्हणाले. "आन ती मिळायची न्हाई."

"अगं, डॉक्टर हायेत ते," दादा पुटपुटला.

"म्हून काय झालं?"

मी उठले आणि बाहेर आले. सरळ कँटीनच्या मावशींना फोन लावला, उद्यापासून येते म्हणून. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

गोळी मी रोज घेते. तपासणीला दुसऱ्या डॉक्टरांकडं जाते, एकटी जाते. डोकं पुन्हा फिरेल का, मला माहीत नाही. त्या फोटोवाल्या डॉक्टरांनाही माहीत नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. फिरलंच तर मी आपल्या पायांनी दवाखान्यात जाईन. पण माझ्या डोक्यात काय दिसतं ते आधी मला सांगायचं, माझ्याकडं बघून. ते होत नाही तोवर मी कुणाच्या मशीनखाली डोकं ठेवणार नाही.