सोमवार-गुरुवारचा उपास

नांदेडात दवाखाने काही कमी नाहीत. तरी मला शॉक ट्रीटमेंटसाठी लातूरला आक्काकडे नेलं, कारण नांदेडात कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. मी मुदखेडला शाळेत गणित शिकवते. तेव्हा गोळ्या बदलून बदलून थकले होते. भाकरीचा घास तोंडात धरून बसायचे आणि गिळायचा राहून जायचा. जगावंसं वाटत नाही, हे मी डॉक्टरांना सरळ सांगितलं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी सगळं माझ्याशी बोलून घेतलं. भूल देऊन करतात, सिनेमात दाखवतात तसे हातपाय बांधत नाहीत, करंट काही सेकंदांचा असतो. उठल्यावर डोकं दुखेल. या आठवड्यांतल्या काही गोष्टी विसराल, बऱ्याच परत येतील, काही येणार नाहीत. गोळ्या नंतरही चालू राहतील. मग त्यांनी संमतीचा कागद काढला. दाजींनी सवयीने खिशातलं पेन काढलं, तर डॉक्टर म्हणाले, सही यांची लागते. सही मीच केली. कित्येक महिन्यांत मी स्वतःच्या मर्जीने केलेली ती पहिली गोष्ट.

झाकली मूठ सव्वा लाखाची, यावर आमच्या आक्काचा फार विश्वास. शॉक सोमवारी आणि गुरुवारी असायचे, आणि सकाळी रिकाम्या पोटी जायचं असायचं. तेवढ्यावर तिने गल्लीत सांगून टाकलं की बहिणीने बदलीसाठी सोमवार-गुरुवार धरलेत. महादेव आणि दत्त दोघांनाही तिने कामाला लावलं.

शेजारी खाला राहायच्या. घरीच पिको-फॉलचं काम करायच्या. तिसऱ्या खेपेला आम्ही निघालो तर त्या दारात हजर, हातात गरम दुधाचा पेला आणि दोन केळी. उपासाला दूध चालतं, हे त्यांना इतक्या वर्षांच्या शेजारामुळे पक्कं ठाऊक. आक्काने माझं कोपर दाबलं आणि कानाशी म्हणाली, "पी गुमान. न्हाई म्हणलीस तर तिला कळंल." त्या दिवसांत कुणी काही सांगितलं की मी करायचे. प्याले.

दवाखान्यात भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, काही खाल्लं-प्यायलंय का? माझ्या आधी आक्काच बोलली, "न्हाई, काहीच न्हाई."

"दूध प्यालेय," मी म्हणाले. "आत्ताच, घरून निघताना."

बाईंनी हातातलं काम थांबवलं. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव जातो, हे त्यांनी आक्काला उभं करून समजावलं आणि आम्हाला परत पाठवलं. रिक्षात आक्का माझ्यावरच चिडली की सांगायची काय गरज होती. हे सगळं मला लख्ख आठवतं. त्या दिवशी माझ्या जिवापेक्षा तिला गल्लीची काळजी जास्त होती, हे मी अजूनही तिला तोंडावर म्हणते. ती रडते. मी तरी म्हणते.

पुढची खेप मात्र माझ्या डोक्यातून पुसली गेली आहे. ती मला खालांनी सांगितली. मी दारात थांबले, त्यांनी पुन्हा आणलेला दुधाचा पेला परत केला आणि आक्काच्या देखत म्हणाले, "खाला, उपास-बिपास काही न्हाई. मला डिप्रेशन हाय. मी शॉक घ्यायला चालले."

त्यांनी विचारलं, "पानी बी नै प्यायचं?"

मी मान हलवली.

"मग हा तर रोजाच झाला की बेटी. जा, आल्यावर सोडू."

परत आल्यावर त्यांनी खजूर आणि खिचडी आणून दिली. पुढच्या प्रत्येक खेपेला दिली. सहाव्या खेपेनंतर मी खिचडी पुन्हा मागून घेतली, तेव्हा आक्का भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गेलं ते गेलंच. भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोत मी तिच्या शेजारी उभी आहे, पण तो दिवस मला आठवत नाही. त्याचं वाईट वाटतं. कुणी शॉक घ्यावा का म्हणून विचारलं तर हेही सांगते, पण घास गिळता येऊ लागला हे आधी सांगते. राग मात्र येतो तो त्या खेपेचा. आयुष्यात मी पहिल्यांदाच एवढी धीट बोलले, आणि तेच मला खालांच्या तोंडून ऐकावं लागतं.

शाळेत परत रुजू होताना आक्काने बजावलं होतं, टायफॉइड म्हणून सांग. मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिका डबे उघडून बसल्या होत्या. एकीने विचारलंच, इतके दिवस कुठे होतात?

"डिप्रेशन होतं," मी म्हणाले. "लातूरला शॉक घेतले. गोळ्या अजून चालू आहेत."

शेजारी बसलेल्या बाईंनी आपला डबा हळूच पलीकडे सरकवला. मी माझ्या डब्यातली भाकरी मोडली आणि सगळी खाल्ली. या वेळचं मला सगळं आठवतं.